गाडी लॉक होत नाहीये, उघडत नाहीये, की आपली आपणच उघडतेय? कीलेस लॉकच्या कटकटी एकेक करून कशा सोडवायच्या

चावी खिशातच राहू द्या, हँडलला हात लावा, दार उघडेल. नवी गाडी घेताना एवढंच सांगतात आणि आपल्यालाही तेवढंच ऐकायचं असतं. पुढचं मग हळूहळू कळत जातं, म्हणजे दोन्ही हातात सामान असताना नेमकं दार उघडत नाही, गाडी धुवायला घेतली की मात्र स्वतःच खटाखट लॉक-अनलॉक करत बसते, लॉक झाली का बघायला हँडल ओढावं तर तीच उघडते, आणि कधी कधी नुसतीच बीप बीप करते पण कशासाठी ते काही सांगत नाही.

माझं ठाम मत असं आहे की यातल्या बऱ्याच कटकटी म्हणजे बिघाड नसतोच. गाडी कुठलातरी नियम पाळत असते आणि तो नियम मॅन्युअलमध्ये अशा पानावर असतो जिथे आपण कधी पोचतच नाही. त्यामुळे क्रम असा ठेवायचा, आधी नियम, मग चावीतला सेल, मग गाडीची बॅटरी, आणि अगदी शेवटी मोटर, वायरिंग, मेकॅनिक. बरेच जण बरोब्बर उलटं करतात, थेट नवीन चावीची चौकशी करतात, आणि दोष सगळा एका छोट्याशा सेलचा निघतो.

आत्ता या क्षणी गाडीबाहेर अडकला असाल तर आधी हे

बाकीचं नंतर वाचा. चावी अगदी दाराजवळ धरा, मोबाईल दुसऱ्या खिशात किंवा लांब ठेवा, आणि अनलॉकचं बटण दाबा. सेल मरायला टेकलेला असला तरी इतक्या जवळून बऱ्याचदा काम होतं.

नाही झालं तर चावीच्या आत लपलेली धातूची चावी काढा. रिमोटच्या कडेला किंवा मागे एक छोटी खिटी असते, ती दाबून किंवा सरकवून ओढायचं, पातळ चावी बाहेर येते. आता ती घालायची कुठे, कारण दाराला भोक दिसतच नाही! ते बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या दारावर, हँडलच्या मागच्या टोकाला, रंगाच्याच एका प्लास्टिक झाकणाखाली असतं. झाकणाच्या खालच्या बाजूला बोटाने चाचपून बघा, छोटी खाच लागेल, त्यात चावीचं टोक अडकवून झाकण हलक्या हाताने उचलायचं. काही गाड्यांत त्यासाठी हँडल ओढून धरावं लागतं, नाहीतर झाकण हलतही नाही आणि माणूस रागाने जोर लावून ते तोडून टाकतो. टोकाला पातळ कापड गुंडाळलं तर रंगावर ओरखडे येत नाहीत.

चावी फिरवून दार उघडलं की अलार्म वाजू शकतो. घाबरू नका, आजूबाजूचे लोक बघतील तर बघू द्या. आत बसा, ब्रेक दाबा, आणि चावी स्टार्ट बटणाला चिकटवून धरून बटण दाबा. काही गाड्यांत ही जागा बटण नसून कप होल्डरच्या तळाशी, स्टिअरिंगखाली किंवा कन्सोलमधल्या एखाद्या खाचेत असते. चावीत एक वेगळी चिप असते जी गाडीकडूनच पॉवर घेते, त्यामुळे सेल पूर्ण मेलेला असला तरी गाडी चालू होते आणि चालू झाली की अलार्मही थांबतो.

आणि आत लहान मूल किंवा प्राणी अडकलेला असेल, बाहेर ऊन असेल, तर यातलं काहीही करत बसू नका. उन्हात बंद गाडीचं आतलं तापमान पहिल्या दहाएक मिनिटांतच साधारण १० अंश सेल्सिअसने वर जातं. मदतीला फोन लावा, आणि मदत यायला वेळ लागणार असेल तर मुलापासून सगळ्यात लांबची बाजूची काच फोडा, काचेच्या मध्यावर नाही तर कोपऱ्यात टणक टोकदार वस्तूने मारायचं. काच नवीन बसते.

हे सगळं चालतं कसं

एवढं समजलं की पुढचं निम्मं आपोआप सुटतं, म्हणून जरा थांबून वाचा. तुम्ही हँडलला हात लावता तेव्हा गाडी एक हाक मारते, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या फ्रिक्वेन्सीवर, आणि ही हाक मुद्दामच जेमतेम एक-दीड मीटर जाईल अशी ठेवलेली असते. खिशातली चावी ती हाक ऐकते आणि उत्तर देते, पण उत्तर वेगळ्याच फ्रिक्वेन्सीवर, देशाप्रमाणे ३१५ किंवा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर, जे बरंच लांब जाऊ शकतं. उत्तरातला कोड जुळला की गाडी दाराच्या मोटरला सांगते, उघड.

बटण दाबून उघडता तेव्हा हाक नसतेच. चावी स्वतःहून बोलते आणि गाडी फक्त ऐकते.

म्हणजे बघा, बटणाने उघडतंय पण हँडलने नाही, तर उत्तराचा भाग ठीक आहे, हाक पोचत नाहीये किंवा हँडलचा सेन्सर झोपलाय, किंवा कोणीतरी सेटिंगमध्ये कीलेस बंद केलंय. एका दाराच्या हँडलने होतंय आणि दुसऱ्याने नाही, तर चावीचा संबंधच नाही, त्या दुसऱ्या हँडलकडे बघा. तसं मागच्या दारांना सेन्सर नसणाऱ्याही भरपूर गाड्या आहेत, तेव्हा आधी आपल्या गाडीत मुळात आहे का ते बघा. बटण आणि हँडल दोन्हीने नाही पण दुसऱ्या चावीने होतंय, तर पहिल्या चावीचा सेल. दोन्ही चाव्यांनी काहीच होत नाही, आतले दिवेही मंद, तर गाडीची बॅटरी. सगळं होतंय पण एकच दार अडून बसलंय, तर त्या दाराची मोटर किंवा वायर. या चार-पाच ओळींचा स्क्रीनशॉट काढून ठेवला तरी चालेल.

दुसरी चावी ही तुमच्याकडची सगळ्यात चांगली चाचणी आहे, आणि ती सहसा ड्रॉवरमध्ये पडून सेल मेलेल्या अवस्थेत असते, ही वेगळीच गंमत.

पायरी पहिली: गाडी नाही का म्हणतेय

लॉक करायला गेलात आणि गाडी बीप करून नकार देतेय, तर दहापैकी नऊ वेळा मशीन बरोबर असतं. एखादं दार किंवा डिकी नीट लागलेली नसते, डिकीचं तर बाहेरून कळतही नाही. इंजिन चालू असतं, किंवा बंद असून गाडी अजून अॅक्सेसरी मोडमध्ये, म्हणजे इंजिन बंद पण वीज चालू अशा अवस्थेत, असते कारण गिअर पीमध्ये टाकायचा राहिलाय, ऑटोमॅटिकमध्ये हे फार होतं. आणि तिसरं कारण सगळ्यात छळणारं, दुसरी चावी गाडीत आहे. बायकोच्या पर्समध्ये, मुलाच्या दप्तरात, डिकीतल्या बॅगेत. गाडीला वाटतं चावी आत विसरलात, म्हणून ती लॉक होत नाही, आणि आपण खिशातली चावी तिला दाखवून दाखवून दमतो. एकत्र बाहेर पडताना एकच चावी घ्यायची असा घरात नियम केला तर अर्धी भांडणं वाचतील.

मात्र उलट्या बाजूने या आतल्या चावीच्या तपासणीवर फार विश्वास ठेवू नका. चावी धातूच्या डब्यात असेल, लॅपटॉपला चिकटून असेल, डॅशबोर्डच्या अगदी काचेजवळ किंवा डिकीच्या कोपऱ्यात असेल किंवा सेल कमजोर असेल तर गाडीला ती दिसत नाही आणि ती बिनदिक्कत लॉक होते. डिकीत सामान टाकताना चावी हातातून खाली ठेवायची नाही. एक सेकंदही नाही.

मग येतं आपोआप परत लॉक होणं. रिमोटने उघडली आणि कुठलंच दार उघडलं नाही तर साधारण अर्ध्या मिनिटाने, काही गाड्यांत थोडं जास्त वेळाने, गाडी स्वतःच लॉक होते. चुकून खिशात बटण दाबलं गेलं तर गाडी उघडी राहू नये म्हणून ही सोय आहे. पण तुम्ही लांबून उघडलीत, कोणाशी तरी बोलत उभे राहिलात, आणि मग दार उघडेना म्हणून चिडलात, तर गाडीची काही चूक नाही.

फक्त ड्रायव्हरचंच दार उघडतं, बाकीचे बाहेर हँडल ओढत उभे, ही तक्रार तर प्रत्येक घरात असते. हे सेटिंग आहे, एकट्याने रात्री गाडीत बसणाऱ्याच्या सुरक्षेसाठी दिलेलं. गाडीच्या स्क्रीनवर व्हेईकल सेटिंगमध्ये दार किंवा लॉक असा विभाग असतो तिथे एक दार की सगळी दारं हे बदलता येतं, स्क्रीन नसेल तर काही चाव्यांवर लॉक आणि अनलॉक एकदम काही सेकंद दाबून धरलं की बदलतं, नेमकं मॅन्युअलमध्ये बघा. तोवर अनलॉक दोनदा दाबा, दुसऱ्यांदा सगळी उघडतात. आणि त्याच विभागात वेग पकडल्यावर लॉक होणं, पार्क केल्यावर उघडणं, चावी घेऊन लांब गेल्यावर आपोआप लॉक होणं, लॉक झाल्यावर हॉर्न वाजणं हेही असतं. एकदा सावकाश बसून सगळं आपल्या सोयीने लावून टाका. चावी लांब गेल्यावर लॉक होणं मी तरी बंद ठेवेन, कारण दार नीट लागलं नसेल किंवा दुसरी चावी आत असेल तर ते होत नाही, आणि आपण मागे वळून न बघण्याची सवय लावून घेतलेली असते.

लॉक झाली का हे बघायचं कसं

आधी हँडल ओढून बघायचो, आता ओढलं की उघडतं, कारण चावी खिशात. काही कंपन्यांनी यावर उपाय म्हणून लॉक केल्यावर दोन-तीन सेकंद हँडलचा सेन्सर बंद ठेवलेला असतो, त्या वेळात ओढून बघता येतं. तुमच्या गाडीत आहे का ते लॉक केल्यावर लगेच ओढून बघा, कळेल.

नसेल तर आरसे. लॉक झाल्यावर आरसे मिटण्याचं सेटिंग असेल तर ते चालू करा, लांबूनही दिसतं आणि डोक्याला त्रास नाही. फक्त आरसे हाताने मिटवून ठेवत असाल तर हा पुरावा गेला. इंडिकेटर किती वेळा लुकलुकतात यावर पण लक्ष ठेवा, लॉकला एक आणि अनलॉकला दोन असं बऱ्याच गाड्यांत असतं पण सगळ्यांत नाही. बटण दाबलं, लाईट लागलेच नाहीत, तर पाठ फिरवायची नाही. चोर लोक सिग्नल जाम करणारी यंत्रं वापरतात, तुम्ही बटण दाबता, गाडीपर्यंत काही पोचतच नाही, तुम्ही निघून जाता. अशा वेळी दारातल्या बटणाने किंवा धातूच्या चावीने लॉक करा.

पायरी दुसरी: चावीतला सेल

रेंज कमी झाली, दोन-तीनदा दाबावं लागतंय, थंडीत सकाळी चालत नाही आणि दुपारी चालतं, डॅशबोर्डवर चावीचं चित्र येतंय, ही सगळी सेलची लक्षणं. एक ते तीन वर्षं टिकतो, पण चावी रोज गाडीच्या जवळ लटकवत असाल तर लवकर जातो कारण गाडी आणि चावी उगाच बोलत बसतात. टीव्ही, वायरलेस चार्जर, लॅपटॉप यांच्याजवळ ठेवल्यानेही तेच.

मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघून रिमोट चालतो का तपासायची युक्ती इथे चालत नाही बरं का, ती टीव्हीच्या इन्फ्रारेड रिमोटसाठी आहे, गाडीची चावी रेडिओवर चालते, कॅमेऱ्यात काही दिसणार नाही आणि तुम्ही चांगली चावी मेली समजाल.

बदलायचा कसा: धातूची चावी आधी काढा, ती काढल्यावर आत एक खाच दिसते, त्यात पातळ स्क्रूड्रायव्हर किंवा तीच चावी घालून थोडी पिळायची, दोन भाग सुटतात. जुन्या सेलवरचा नंबर वाचा. सीआर२०३२ सगळ्यात जास्त सापडतो, पण सीआर२०२५, सीआर२४५०, सीआर१६३२ हेही असतात. नंबरातच माप आहे, २०३२ म्हणजे २० मिमी व्यास आणि ३.२ मिमी जाडी, २०२५ म्हणजे तेवढाच व्यास पण जाडी २.५. म्हणून २०३२ च्या जागी २०२५ बसल्यासारखा वाटतो आणि आत सैल राहून कधी चालतो कधी नाही, मग माणूस अजून गोंधळतो. अधिकची बाजू कुठे होती ते सेल काढायच्या आधी बघून घ्या, फोटो काढला तर उत्तम. नवा सेल कडेने धरा. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलना कडू थर लावलेला असतो, तो कधी कधी संपर्क नीट होऊ देत नाही, नवीन सेल टाकूनही चालेना तर सेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत घाला. आतल्या धातूच्या पट्ट्या दबलेल्या असतील तर किंचित वर उचला.

सेल काढला की चावी गाडीला विसरते अशी भीती असते, तसं होत नाही, ओळख चिपमध्ये कायम असते. दोन्ही चाव्यांचे सेल एकदमच बदला. आणि जुना सेल टेबलावर टाकू नका, लहान मुलाने गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर भाजू शकतं, तो चिकटपट्टीत गुंडाळून लगेच लांब ठेवा, आणि गिळल्याचा नुसता संशय जरी आला तरी लक्षणांची वाट न बघता सरळ हॉस्पिटल.

चावी पाण्यात पडली असेल तर बटणं दाबून बघण्याचा मोह आवरा, आधी उघडा, सेल काढा, अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग नवीन सेल.

पायरी तिसरी: हँडल, पाणी आणि हातमोजे

हँडलमध्ये दोन प्रकार येतात. एक, काळं रबरी बटण. दुसरा, स्पर्शाचा सेन्सर, जो हँडलच्या आतल्या बाजूला उघडायला आणि बाहेरच्या बाजूला एका खाचेपाशी लॉक करायला असतो. लॉकची जागा बऱ्याच जणांना माहीतच नसते, ते अख्ख्या हँडलवर बोटं फिरवत बसतात, आणि बोट आत गेलं की परत अनलॉक. चार बोटं हँडलमागे न घालता फक्त अंगठ्याने त्या खाचेवर स्पर्श करा.

रबरी बटणाचं रबर ऊन-पाण्याने चिरतं, आत पाणी जातं, मग बटण कधी दाबलं जातं कधी नाही. याला दुरुस्ती म्हणजे बटण किंवा हँडल बदलणं, वरून स्प्रे मारून फार दिवस निभत नाही.

स्पर्शाच्या सेन्सरला मात्र पाणी आणि बोट यातला फरक कधी कधी कळत नाही. पाण्याचा फवारा हँडलवर पडला आणि चावी तुमच्या खिशात असली की गाडी लॉक, अनलॉक, लॉक, आरसे उघड-मीट, सगळा तमाशा, आणि त्या प्रत्येक फेरीत दोन्हीकडची बॅटरी खर्च. उपाय साधा आहे, गाडी धुताना चावी दोन-तीन मीटरहून लांब ठेवा. ऑटोमॅटिक वॉशमधून गाडी न्यायची असेल आणि तुम्ही आत बसणार असाल तर सेटिंगमधून कीलेस तात्पुरतं बंद करता येतं का बघा. टोयोटाच्या बऱ्याच स्मार्ट चाव्यांत लॉक दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की चावी झोपते, लाईट चारदा लुकलुकतो, नंतर कुठलंही बटण दाबलं की जागी. इतर कंपन्यांचे प्रकार वेगळे आहेत.

जाड हातमोज्यांत स्पर्श कळत नाही, चिखल किंवा बर्फाचा थर असला तरी नाही. ओल्या फडक्याने हँडलच्या आतली बाजू पुसून बघा, मला हे सांगायला लाज वाटते इतकं सोपं आहे पण चालतं. गोठवणाऱ्या थंडीत दार उघडत नसेल तर कधी कधी लॉक उघडलेलं असतं आणि दाराचं रबरच चिकटलेलं असतं, रबरांना सिलिकॉनचं वंगण लावून ठेवलं की हा प्रश्न मिटतो.

पायरी चौथी: एकाच जागी अडचण येते का

एका ठराविक पार्किंगमध्येच चावी चालत नाही आणि घरी आल्यावर व्यवस्थित, तर गाडी नाही, जागा तपासा. जवळपास रेडिओचा टॉवर, कुठलंतरी वायरलेस यंत्र, नाहीतर तुमच्याच गाडीत नव्याने लावलेला स्वस्तातला डॅशकॅम किंवा यूएसबी चार्जर. चार्जर उपटून बघा. चावीला मेटलचा मोठा कीचेन किंवा धातूचं कव्हर घातलं असेल तर काढून बघा. रेंज कमी पडत असेल तर चावी हनुवटीला लावून दाबायची युक्ती खरोखर चालते, डोक्यातलं पाणी अँटेनासारखं काम करतं. लोक बघून हसतील, पण गाडी सापडते.

पायरी पाचवी: गाडीची १२ व्होल्टची बॅटरी

चावीला दोष देता देता ही राहून जाते. काही तास उभ्या असलेल्या गाडीत मल्टीमीटरने १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर चांगली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली तर बॅटरी रिकामीच समजा. लॉक हळू चालतात, खाट्ऐवजी मरगळलेला आवाज येतो, सकाळी पहिल्यांदा उघडत नाही, ही तिची लक्षणं. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी पण हे वाचा, तुमची मोठी बॅटरी फुल असली तरी दारं आणि कॉम्प्युटर बहुतेक गाड्यांत वेगळ्या १२ व्होल्टवर चालतात, ती बसली की फुल चार्ज गाडीबाहेर तुम्ही उभे.

पूर्ण बसली तर धातूच्या चावीने ड्रायव्हरचं दार, आतल्या लिव्हरने बॉनेट, मग जंप, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला वायरीने जोडून चालू करणं, किंवा चार्जर. बॅटरी डिकीत असेल आणि डिकी विजेवरच उघडत असेल तर अडचण वाटते, पण अशा काही गाड्यांना बॉनेटखाली जंप करायचे पॉइंट दिलेले असतात. नाहीतर मागची सीट पाडून आतून डिकीचा इमर्जन्सी लिव्हर शोधायचा. हे पॉइंट आणि लिव्हर कुठे आहेत ते आजच बघून ठेवा, अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर शोधण्यात मजा नाही.

एकच दार अडून बसलंय

दारात एक छोटी डीसी मोटर आणि प्लास्टिकचे गिअर असतात, यालाच अॅक्चुएटर म्हणतात. गिअर झिजले की घरघर येते, किंवा टक्-टक् होऊन लॉक परत उघडतं. कान दाराला लावा आणि कोणाला तरी बटण दाबायला सांगा. आवाज येतोय पण लॉक होत नाही, तर अॅक्चुएटर. आवाजच नाही, तर वायर किंवा फ्यूज. दार आणि गाडी यांच्या मध्ये बिजागरीपाशी रबराची नळी असते त्यातून वायरी जातात, दार उघड-मीट करून करून त्यातली एखादी आतून तुटते. दार अर्धवट उघडं ठेवून ती नळी हलवत लॉकचं बटण दाबा, मध्येच चाललं तर चोर सापडला. त्याच दाराची काच किंवा स्पीकर पण बंद असेल तर जवळपास खात्रीच.

दार लागलेलं असून डॅशबोर्ड दार उघडं सांगतोय, तर लॅचमधला, म्हणजे दार पकडून धरणाऱ्या खटक्यातला, बारीक स्विच. लॅचमधली घाण साफ करून थोडं ग्रीस लावून बघा, नाहीतर लॅच बदलावा लागतो, बऱ्याच गाड्यांत अॅक्चुएटर आणि लॅच एकच पार्ट असतो. धातूच्या चावीच्या भोकात मात्र तेल घालू नका, धूळ धरून बसतं, कोरडं ग्राफाईट किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे घाला आणि वर्षातून दोनदा तरी ती चावी फिरवून बघा. वर्षानुवर्षं न फिरलेलं कुलूप नेमकं गरजेच्या दिवशी अडकतं.

चोरीचं काय

एक चोर चावीजवळ, म्हणजे घराच्या दाराशी, यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीजवळ. गाडीची ती एक-दीड मीटरची हाक यंत्रातून घरातल्या चावीपर्यंत नेली जाते, चावी इमानदारीत उत्तर देते, गाडी उघडते आणि चालूही होते. कोड कुठे फोडावाच लागत नाही. जर्मनीतल्या एडीएसी या वाहनचालकांच्या क्लबने २०१६ मध्ये बऱ्याच कंपन्यांच्या गाड्या अशा उघडून दाखवल्या होत्या. नव्या काही गाड्यांत अल्ट्रा-वाइडबँड असतं जे सिग्नलला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजतं, काही चाव्या थोडा वेळ हलल्या नाहीत की झोपतात.

तुमच्या चावीत हे नसेल तर सिग्नल अडवणारी पिशवी घ्या. घेतल्यावर तपासा, चावी पिशवीत घालून तोंड बंद करून गाडीला चिकटवा आणि हँडल ओढा, उघडली तर पिशवी फेका. दर काही महिन्यांनी परत तपासा, कारण घडीवर आतलं अस्तर फाटतं. स्पेअर चावीलाही पिशवी हवी, लोक एकच घेतात.

घरातल्यांना सांगून ठेवायच्या गोष्टी

गाडी चालू असताना चावीवाला माणूस उतरून निघून गेला तर इंजिन बंद पडत नाही, नुसती बीप आणि मेसेज येतो. दुसरा माणूस मजेत गाडी घेऊन जातो, पोचल्यावर बंद करतो, आणि परत चालू होत नाही. कोणाला तरी सोडायला गेलात की उतरणाऱ्याला चावी कुठे आहे ते विचारायचं, तोंडाने विचारायचं, अंदाज नाही.

काही गाड्यांत दुहेरी लॉक असतं, ते लागलं की आतूनही हँडलने दार उघडत नाही. आत माणूस असताना बाहेरून चावीने लॉक करून जायचं नाही, अगदी दोन मिनिटांसाठीसुद्धा. मोबाईलला चावी बनवली असेल तर सोबत दिलेलं कार्ड पाकिटात ठेवा, मोबाईल बंद पडायची वेळ तुम्ही ठरवत नाही. आणि प्रत्येकाला एकदा धातूच्या चावीने दार उघडून, चावी बटणाला लावून गाडी चालू करायला लावा, सेल काढून ठेवलेल्या चावीने. पाच मिनिटांचं काम आहे.

मेकॅनिककडे जायची वेळ आली तर

"लॉक नीट चालत नाही" एवढं सांगितलंत तर ते चावीपासून सुरू करतील. कुठलं दार, कुठली चावी, बटणाने की हँडलने, ओल्यात की कोरड्यात, सकाळी की कधीही, हे लिहून न्या, शक्य असेल तर व्हिडिओ. बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दारं-दिवे सांभाळणारा कॉम्प्युटर, स्कॅन करायला सांगा आणि त्यातले बिघाडाचे कोड मागून घ्या, कोड न बघता मॉड्यूल किंवा चावी बदला म्हणाले तर दुसरीकडे दाखवा. नवीन चावी केलीच तर हरवलेली जुनी सिस्टीममधून काढून टाकायला सांगा. या कामाला दोन्ही चाव्या सोबत न्या, कारण काही गाड्यांत नवीन नोंद करताना समोर नसलेली चावी बाद होते. आणि गाडी ताब्यात घेताना तिथेच, दोन्ही चाव्यांनी, प्रत्येक दारावर, बटणाने आणि हँडलने, डिकीसकट उघड-लॉक करून बघा, मगच सही करा.